खालच्या दोन ओळी

नाव वाचलं आणि अनुजाच्या कानामागे एकदम गरम झालं. श्रीकांत निमकर, वय सत्याहत्तर, पुरुष, राहणार लेक गार्डन्स. एकाच नावाची चार माणसं सापडायला हे काही पुणं नव्हतं; कोलकात्यात श्रीकांत निमकर एकच, आणि तो म्हातारा तिला पुरता ठाऊक होता. गरियाहाटच्या मागच्या गल्लीतल्या या लॅबमध्ये लघवीचे शेकडो नमुने यायचे, ती सूक्ष्मजीवशास्त्राची मुख्य म्हणून रोज सकाळी त्यांचे निकाल तपासायची, आणि नावांकडे सहसा बघायचीही नाही. आज बघितलं. पडद्यावर नावाखाली औषधांची रांग होती आणि गोळ्यांपुढे सगळीकडे आर, म्हणजे रेझिस्टंट, म्हणजे हा जंतू त्या औषधाला भीक घालत नाही. शेवटी शेवटी एका कॅप्सूलपुढे एस होता, तिला तो बळी पडत होता, आणि तसेच दोन-तीन इंजेक्शनांपुढे. तिच्या हातातल्या, रक्त घालून केलेल्या लाल प्लेटवर त्याच जंतूच्या राखाडी वसाहती वाढल्या होत्या आणि प्रत्येकीभोवती एक स्वच्छ, पारदर्शक कडं पडलं होतं. तेवढ्या जागेतलं रक्त त्याने फोडून संपवलं होतं. शेजारच्या टेबलावरून मिताली वाकून बघत म्हणाली, "अनुजादी, ये वाला बहुत बदमाश है ना?" मिताली तिची सहायक, बोलकी पोरगी. "बहुत," अनुजा म्हणाली, आणि प्लेटचं झाकण लावताना आपण हसतो आहोत हे तिच्या लक्षात आलं. आंधळा मागतो एक डोळा म्हणतात. तिने तर एकही मागितला नव्हता.

मागितला नव्हता हेही खोटंच. वर्षापूर्वी आई गेल्यापासून तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. न्यू टाउनच्या नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालताना, बसमध्ये खिडकीला डोकं टेकून, नवरा, केदार, त्याच्या ऑफिसातल्या कुरबुरी सांगत असताना हं हं करत, ती त्या म्हाताऱ्याला वेगवेगळ्या तऱ्हांनी शिक्षा करत आली होती. कधी इथल्या मराठी मंडळाच्या भर कार्यक्रमात त्याची ती चामड्याची बॅग उलटी करायची, सगळ्या गोळ्या सतरंजीवर सांडायच्या आणि एकेकीचं नाव घेऊन विचारायचं, ही कुणाला दिली होतीत, किती दिली होतीत, पुढे काय झालं ते विचारलंत का कधी? कधी नुसतं एवढंच की तो आजारी पडलाय, खूप, आणि त्याच्यावर कुठलंही औषध चालत नाहीये, आणि ती त्याच्या पलंगाच्या पायथ्याशी उभी आहे. ही दुसरी तऱ्हा तिला जास्त आवडायची. तिला त्याची लाज वाटत नसे. लोक देवाजवळ नोकऱ्या मागतात, मुलं मागतात. तिने एक ताप मागितला तर काय बिघडलं.

श्रीकांतकाका औषध कंपनीत होते. डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन बसण्यापासून सुरुवात करून पूर्व विभागाचे मोठे साहेब होऊन निवृत्त झाले, आणि मग गावी परतायचं सोडून कोलकात्यातच राहिले. बदलीवर आलेली बँकेतली माणसं, फोर्ट विल्यममधली फौजी कुटुंबं, न्यू टाउनमधली कंपनीवाली पोरं, सगळी मराठी मंडळी तीन-चार वर्षांनी यायची-जायची. काका तेवढे जागच्या जागी. नवीन कुटुंबाला शाळा कुठली, गहू कुठे दळून मिळतो, हे तेच सांगणार. आणि कुणाला शिंक आली की बॅग उघडणार. "मी डॉक्टरांना औषधं शिकवलीत," हे त्यांचं आवडतं वाक्य. बायकांचं काही असलं तर ते त्यांच्या बायकोच्या, शोभाकाकूंच्या कानात जायचं, काकूंकडून काकांकडे, आणि काकांकडून कागदाच्या पुडीत परत काकूंमार्फत. सगळं कसं बिनबोभाट. परमुलखात आपल्या भाषेत दुखणं सांगता येतं याचं बायकांना एवढं अप्रूप, की पुडीत काय आहे हे कोण विचारतो!

तिच्या आईने तर मुळीच विचारलं नाही. वासंतीबाईंना, म्हणजे आईला, बाबा गेल्यावर अनुजाने इकडे आणलं तेव्हा त्यांना बंगाली येत नव्हतं, हिंदी मोडकं, आणि लिफ्टची भीती. दिवसभर नवव्या मजल्यावर बसून त्या खालच्या रिकाम्या रुंद रस्त्यांकडे बघायच्या. मंडळाचं भजन असलं की मात्र दुपारपासून पातळ नेसून तयार. तिथे शोभाकाकू त्यांना भेटल्या आणि आईला मैत्रीण मिळाली, म्हातारपणी, ऐन परक्या गावात. अनुजाला बरं वाटलं होतं आणि जरासं खुपलंही होतं, कारण घरी गप्प बसणारी आई काकूंशी फोनवर खिदळायची. तीच आई, लघवीला जळजळ व्हायला लागली तेव्हा, जन्मभर हेच जंतू तपासत आलेल्या लेकीला एका शब्दाने बोलली नाही. काकूंना बोलली. पुडी आली. दोन गोळ्यांत आराम पडला की उरलेल्या डब्यात, पुढच्या वेळेसाठी. पुन्हा जळजळ, पुन्हा दोन गोळ्या. त्या चालेनाशा झाल्या की दुसऱ्या रंगाच्या. अनुजाला हे सगळं कळलं ते आईला दवाखान्यात नेल्यावर, आईचे दात थंडीने वाजत असताना. "अगं, पण मला का नाही सांगितलंस?" तर आई म्हणाली, "तुझ्या लॅबात माझं नाव लावून ती बाटली सगळ्यांपुढून जाणार. मिताली बघणार. शी, काहीतरीच काय!"

अनुजाला तो जंतू आईपेक्षा जास्त ओळखीचा होता, हे तिला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटायचं. आतड्यात निमूट राहणारा साधा जीव. पण त्यातल्याच काहींच्या अंगावर बारीक केसांसारखे हात असतात, आणि त्या हातांनी ते मूत्राशयाच्या भिंतीला असे धरतात की वरून कितीही धार गेली तरी वाहून जात नाहीत. ते शरीरातलं लोह चोरतात. रक्त फोडतात. औषध आलं की काही जण भिंतीच्या पेशींत शिरून झोपून राहतात. बाहेरचे मरतात, माणसाला बरं वाटतं, माणूस गोळ्या थांबवतो, आणि आतले झोपलेले उठतात. अर्धवट मारलेल्यांतून जे उरतात ते शिकलेले असतात, आणि आपली विद्या स्वतःजवळ ठेवत नाहीत. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तशी ते पलीकडच्या परक्या जंतूलाही देऊन टाकतात. शिकाऊ मुलींना शिकवताना अनुजा हे सगळं कौतुकाने सांगायची. आता ती प्लेट हातात धरून बसली की तिला वाटायचं, मलाही असंच येतं. मीही धरून बसले आहे. वरून किती धारा गेल्या, केदारने समजावलं, मावशीने समजावलं, "जाऊ दे गं, वय झालं होतं." मी कुठे वाहून गेले?

आणि ती शोकसभा. मंडळाच्या हॉलमध्ये आईचा फोटो, त्याला रजनीगंधाचा हार, आणि माइक अर्थातच काकांच्या हातात. आईच्या गोड गळ्याबद्दल बोलले, तिच्या साजूक तुपातल्या बेसनाच्या लाडवांबद्दल बोलले, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "शेवटी या हॉस्पिटलवाल्यांनी हत्ती मारायची इंजेक्शनं दिली वासंतीताईंना. म्हाताऱ्या जिवाला कसं सोसणार? आणि घरात जंतूंची एवढी मोठी शास्त्रज्ञ असून..." इथे ते थांबले. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. "असो," काका म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा! पण बोंब असती तर एखादीने उठून उत्तर दिलं असतं. 'असो'ला काय उत्तर देणार? कुणीतरी आणून दिलेला चहा ती प्यायली. तो 'असो' मात्र तिच्या आत शिरला आणि आजतागायत तिथे होता.

म्हणून आता ती पडद्याकडे बघत राहिली. शिफारस करणारा डॉक्टर या रकान्यात काउंटरवरच्या मुलीने लिहिलं होतं, सेल्फ. म्हणजे कुणी डॉक्टर नाहीच. रिपोर्ट सरळ काकांच्या फोनवर जाणार. लक्षणं या रकान्यात, जळजळ, ताप, थंडी. ताप! तिने खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर एस असलेली ती एकुलती एक कॅप्सूल मूत्राशयातल्या जळजळीला उत्तम. पण ती लघवीतच उतरते, रक्तात आणि मांसात तिची मात्रा पुरत नाही. ताप आणि थंडी म्हणजे जंतू वर किडनीपर्यंत चढलेला, आणि तिथे ही कॅप्सूल म्हणजे घर पेटलेलं असताना अंगणात पाणी शिंपडणं. त्यातून म्हातारपणाची मंदावलेली किडनी. या माणसाला आज इंजेक्शन हवं. आणि हा माणूस काय करणार हे तिला लख्ख दिसत होतं. रांगेतून बोट फिरवत खाली येणार, गोळ्यांमधला एकच एस बघणार, "माझ्या मनातलंच औषध," म्हणणार आणि बॅग उघडणार.

अशा रिपोर्टखाली ती दोन ओळी लिहायची. 'ताप असल्यास वरील कॅप्सूल पुरेशी नाही. रुग्णाने विनाविलंब डॉक्टरांना भेटावं.' इंग्रजीत, ठळक अक्षरांत, सहीच्या वर. कुणी तिला सांगितलं नव्हतं, लॅबच्या नियमांत नव्हतं. आई गेल्यानंतर तिनेच सुरू केलं होतं आणि मालक कुरकुरले तरी सोडलं नव्हतं. रिपोर्ट त्या ओळींशिवायही पूर्ण होता. अचूक होता. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. तिने टिपणीच्या चौकटीत कर्सर नेला आणि तो तिथे लुकलुकत राहिला. म्हणजे काही करायचंच नव्हतं. हातात सुरी नाही, तोंडात शिवी नाही. सुंठीवाचून खोकला जाणार होता. मिताली मागून म्हणाली, "दीदी, निमकरवाला रिपोर्ट छोड दूँ?" अनुजा म्हणाली, "नाही, मी सोडते," चक्क मराठीत, आणि मग हिंदीत पुन्हा म्हणाली. चौकट रिकामी ठेवून तिने सहीचं बटण दाबलं.

त्या दिवशी तिला भूक लागली. नुसती जेवायची वेळ झाली म्हणून लागते तशी नव्हे. लहानपणी पोहून आल्यावर लागायची तशी. लॅबमधून निघाल्यावर ती कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडे गेली आणि नव्या गुळाचा संदेश उभ्या उभ्या खाल्ला, मग आणखी एक. जानेवारीतला मऊ उजेड, ट्रामच्या तारा, फुटपाथवर पसरलेले स्वेटर, बायकांची घासाघीस, सगळं तिला धुऊन ठेवल्यासारखं दिसत होतं. आईला हा गुळाचा संदेश आवडायचा नाही, तिला पेढाच हवा. आईची आठवण रडू न येता आली याचंही तिला नवल वाटलं. घरी केदारने विचारलं, "आज खुशीत दिसतेस?" "काम झालं एक," ती म्हणाली. तो आपल्या लॅपटॉपकडे वळला. त्याला सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं? उठून फोन लावला असता. चांगला माणूस. म्हणूनच त्याला सांगायचं नव्हतं. दुसरा दिवस तिने मजेत काढला. मधूनच मनाशी हिशेब मांडायची, आता थंडी वाजत असेल, आता पांघरुणावर पांघरूण घेतलं असेल, आता काकू पाय चेपत असतील, आणि काकांच्या तोंडात तो शब्द येत असेल का, असो? फोन वाजला की तिचं काळीज लकाकायचं. बातमी मात्र येईना.

शनिवारी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ती काळी साडी नेसून गेली ती बातमी ऐकायलाच. हॉलच्या दाराशी अत्तराचा आणि तळणीचा वास, चपलांचा ढीग, आणि आतून माइकवर खणखणीत आवाज, "बायकांनो, वाण घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही, आणि पुरुषांनो, तुम्ही वाणाकडे बघायचं नाही!" हशा. अनुजाचा पाय उंबऱ्यातच राहिला. श्रीकांतकाका झब्ब्यावर जाकीट घालून, ताठ, गुळगुळीत दाढी करून, तिळगुळाची परडी घेऊन फिरत होते. तिला वाटलं ताप उतरला. मग वाटलं, असा उतरत नाही. मग ते तिच्याच दिशेने आले, तिच्या तळहातावर वडी ठेवली आणि म्हणाले, "ये ये. तुझा रिपोर्ट मिळाला हं. कॅप्सूल कालपासून चालू केलीय."

"कसं वाटतंय आता?" तिने विचारलं. आवाज तिचाच होता.

"मला? मला काय धाड भरलीय! अगं, ते तुझ्या काकूचं. नाव माझं घातलं. हट्टच धरला तिनं, म्हणे अनुजाच्या टेबलावर माझ्या नावाची बाटली नको, मेल्याहून मेल्यासारखं होईल. म्हटलं, घाल बाई माझं. मला कसली लाज या वयात!"

हॉलमधले दिवे होते तसेच होते. कुणीतरी अनुजाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पुढे गेलं. तिला एकदम मायक्रोस्कोपमधल्या चपट्या पेशी दिसल्या, निमकरांच्या नमुन्यात भरपूर होत्या, बायकांच्या नमुन्यात असतात तशा. तिच्या डोळ्यांनी त्या तेव्हाच बघितल्या होत्या. पहिल्या वर्षाच्या मुलीनेही विचारलं असतं, की हा पुरुष कसा? तिने विचारलं नाही. तिला तो पुरुषच हवा होता.

"काकू कुठे आहेत?"

"घरी, झोपलीय. ताप आहे अजून. उद्यापर्यंत उतरेल."

"काका, ताप असताना ती कॅप्सूल चालत नाही. ती किडनीपर्यंत पोचत नाही. त्यांना आत्ता दवाखान्यात न्यायला हवं."

काकांनी परडी खाली घेतली. "असं कसं? रिपोर्टमध्ये एस आहे."

"आहे."

"खाली तुझी सही आहे."

"आहे, काका."

"हे बघ, मी काही डोळे मिटून नाही दिली हं." त्यांचा स्वर एकदम लहान झाला, आणि त्यांनी तिला बाजूला, चपलांच्या ढिगाजवळ नेलं. "वासंतीताई गेल्यापासून मी मनानं कुणाला देतच नाही. बॅग वर टाकलीय माळ्यावर. कुणी आलं की म्हणतो, आधी रिपोर्ट काढा, अनुजाच्याच लॅबमधून काढा. त्या नाईकांच्या रिपोर्टवर तू खाली दोन ओळी लिहिल्या होत्यास, डॉक्टरांकडे जा म्हणून, मीच त्यांना टॅक्सीत बसवून दिलं. हिचा आला तेव्हा मी पहिल्यांदा खाली बघितलं. तुझ्या ओळी नव्हत्या. शोभाला म्हटलं, घाबरू नकोस, साधंच आहे. काळजीचं असतं तर अनुजानं लिहिलं असतं."

अनुजाला त्यांचा भयंकर राग आला. बॅग माळ्यावर टाकली होती तर सांगायला काय झालं होतं? आईच्या फोटोपुढे माइक धरून 'असो' म्हणता येतं, आणि तिच्या दारात येऊन एक वाक्य बोलता येत नाही? एक वाक्य, वर्षभरात! ती वर्षभर ज्या माणसाला मारत आली होती तो त्या बॅगेबरोबर कधीच माळ्यावर गेला होता आणि तिला कुणी कळवलं नव्हतं. हातातली तिळाची वडी तिने तोंडात टाकली आणि न चावता गिळली.

"त्या ओळी मी मुद्दामच लिहिल्या नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"नाव तुमचं होतं. मला वाटलं तुम्हीच आहात. तुम्ही ती कॅप्सूल घ्याल, हे मला माहीत होतं. म्हणून नाही लिहिल्या."

काका तिच्याकडे बघत राहिले. आतून कुणीतरी ओरडलं, "काका, माइक!" त्यांनी परडी खुर्चीवर ठेवली, ती कलंडली, तिळगूळ जमिनीवर सांडले, आणि आपल्या चपला न शोधता ते दुसऱ्याच कुणाच्या घालून बाहेर पडले. अनुजा त्यांच्या मागे धावली.

टॅक्सीत ती फोनवर बोलत राहिली. ओळखीच्या डॉक्टरला औषधाचं नाव सांगितलं, मात्रा सांगितली, इंजेक्शन तयार ठेवायला सांगितलं. काका खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते. लेक गार्डन्सच्या त्या दोन खोल्यांत शोभाकाकू भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या आणि त्यांच्या दातांचा आवाज दारापर्यंत येत होता. अनुजाने त्यांच्या मनगटाला हात लावला. तो आवाज, ती कातडीची धग, ती वेगाने पळणारी बारीक नाडी, हे सगळं तिने एकदा पाहिलं होतं आणि वर्षभर दुसऱ्या कुणासाठी मागितलं होतं. देवाने दिलं, फक्त पत्ता चुकवला. नाही, देवाचं नाव कशाला. पत्ता तिनेच वाचला होता. तिने काकूंना उठवून बसवलं, शालीत गुंडाळलं, आणि जिना उतरताना काकूंचं सगळं वजन आपल्या अंगावर घेतलं. पातळाला कापराचा आणि घामाचा वास येत होता. मेली तर? तिने स्वतःला विचारलं आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला.

काकू मेल्या नाहीत. रक्तदाब उतरला होता, रात्र अतिदक्षता विभागात गेली, पण इंजेक्शन चाललं; त्या जंतूला अजून तेवढं तरी शिकायचं राहिलं होतं. सकाळी डॉक्टरने दोघांना एकदमच आत सोडलं. काकूंचे ओठ सुकले होते. त्यांनी अनुजाला बघितलं आणि पांघरूण उगीचच गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"लाज वाटली गं मला," त्या म्हणाल्या. "वासंतीताईंनाही वाटायची. आम्ही दोघी त्यावरून हसायचो." मग नळीमुळे अडखळत, "नाव यांचं होतं, तरी ओळखलंस तू. बरोबर वेळेवर आलीस."

अनुजाने काकांकडे बघितलं. आता सांगतील. तिला खरंच हवं होतं की त्यांनी सांगावं, काकूंपुढे, त्या नर्सपुढे, त्यांच्या त्या माइकवरच्या आवाजात. त्यांनी सांगितलं असतं तर तिला ओरडता आलं असतं, आईचं नाव घेता आलं असतं, पुड्यांचं सगळं काढता आलं असतं. ती तयार होती.

काकांचा फोन वाजला. नागपूरहून त्यांचा मुलगा उदय होता. "हो रे, शुद्धीवर आहे," काका म्हणाले. "बोलतेय. नाही, तू घाईनं निघू नकोस. मी चुकीचंच औषध देत बसलो होतो, अनुजानं ओळखलं. हो, वासंतीताईंची अनुजा. तिच्यामुळे वाचली तुझी आई." हे बोलताना त्यांची नजर अनुजाच्या चेहऱ्यावर होती. त्या नजरेत राग नव्हता, उपकार नव्हता, काय होतं ते तिला वाचता येईना, आणि वाचता येत नाही म्हणून तिला नजर काढूनही घेता येईना. फोन ठेवून त्यांनी लगेच दुसरा लावला, मंडळाच्या सेक्रेटरीला, आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. तिला कळून चुकलं की हा माणूस जगेल तोवर हे वाक्य भेटेल त्याला सांगणार आहे, हॉलमध्ये, माइकवर, तिच्यादेखत, आणि ते म्हणताना दर वेळी तिच्याकडे असाच बघणार आहे. काकूंनी पांघरुणातून हात बाहेर काढून तिचा हात धरला. अनुजाने तो धरू दिला.